दान मिळालेला संगणक मुलांच्या हाती देण्यापूर्वी



चार वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका मोठ्या कचेरीने आपल्या संस्थेला चौदा संगणक दान दिले. टेम्पो विहाराच्या दारात आला, हारतुरे झाले, फोटो निघाले, कार्यकारी मंडळाने आभाराचा ठराव केला. पुढच्या रविवारी संगणक जोडून पाहिले तेव्हा चौदांपैकी तीन सुरू झाले. पाचांमधल्या हार्ड डिस्क काढून घेतलेल्या होत्या. चार सुरू होत, पण पासवर्ड मागून थांबत, आणि तो पासवर्ड कोणाला ठाऊक आहे हे त्या कचेरीतही कोणी सांगू शकले नाही. राहिलेल्या दोघांच्या डब्यांत वीजच शिरत नव्हती. मग ते सगळे विहाराच्या मागच्या खोलीत चादरीखाली गेले. अभ्यासिकेला येणारी सातवीतली एक मुलगी येता-जाता ती चादर वर करून बघायची आणि विचारायची, "काका, हे कधी चालू होणार?" पावसाळा आला आणि गेला, तरी तिला द्यायला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

यावर कार्यकारी मंडळाच्या सभेत वाद झाला. "फुकट मिळालं आहे, त्याला नावं कशाला ठेवायची?" असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. त्यावर महिला मंडळाच्या एक वृद्ध उपासिका उठून म्हणाल्या, "दादा, आमच्या लहानपणी गावात उतरलेलं लुगडं आणि उरलेली भाकरी मिळायची. तेसुद्धा फुकटच होतं." सभेत कोणी बोलले नाही.

त्या बाईंचे म्हणणे भावनेच्या भरातले नव्हते, त्याला इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कोणाला जुने कपडे, कोणाला उष्टे आणि कोणाला मेलेल्याच्या अंगावरचे वस्त्र द्यायचे हे लिहूनच ठेवलेले आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडण्याविषयी बजावून सांगितले. तळ्याचा सत्याग्रह सर्वांच्या लक्षात राहिला, हे दुसरे सांगणे मात्र आपण कधी कधी विसरतो. तथागतांनीही दानाचा विचार घेणाऱ्याच्या बाजूने केलेला दिसतो. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात असत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे दिली आहेत. आदर न ठेवता देणे, विचार न करता देणे, स्वतःच्या हाताने न देणे आणि फळाची जाणीव न ठेवता देणे ही त्यांतली चार, आणि पाचवे म्हणजे टाकून द्यायचीच वस्तू देणे. चादरीखालचे ते अकरा डबे या पाचव्या प्रकारातले होते.

असे असले तरी जुनी वस्तू घ्यायचीच नाही, असा अर्थ मी काढत नाही. भिक्खुसंघात पांसुकूल चीवराची परंपरा आहे. उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेले चिंधीसारखे कापड भिक्खू उचलून आणीत, ते धूत, कापून जोडत, शिवत, रंगवत आणि मग अंगावर घेत. कापड तेच असले तरी धुण्याने आणि शिवण्याने त्याचे चीवर होई. उतरलेले वस्त्र आणि पांसुकूल यांत फरक कोणता, तर दुसऱ्यामध्ये घेणाऱ्याचे हात, त्याचे ज्ञान आणि त्याची निवड आहे. जुन्या संगणकाच्या बाबतीत हे धुणे-शिवणे म्हणजे नेमके काय, ते या लेखात सांगायचे आहे. गेल्या तीन वर्षांत आपल्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या मुलामुलींनी रविवारी बसून हे काम केले, त्यातून जे शिकायला मिळाले तेच पुढे लिहिले आहे.

आधी एका प्रश्नाचे उत्तर देतो. हल्ली घरोघरी मोबाइल आहे, मग संगणक कशाला? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ सालच्या ७५व्या फेरीत असे आढळले की, देशातील शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता. मोबाइलवर पाहता येते, ऐकता येते, पण चार पानांचा निबंध टंकलिखित करणे, हिशेबाचा तक्ता मांडणे किंवा प्रोग्राम लिहिणे त्यावर अवघड जाते. शिवाय अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी असलेली एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. ज्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला तो परीक्षेच्या खोलीत, त्याची पहिली दहा मिनिटे बाण कुठे गेला हे शोधण्यातच जातात. शेजारी बसलेल्या मुलाच्या घरी दोन संगणक असतात. गुणवत्ता यादीत मात्र दोघांचे गुण एकाच रांगेत लागतात.

आता कामाकडे वळू. पहिले काम टेम्पो येण्यापूर्वी करायचे असते. दात्याला नम्रपणे एक यादी मागायची. त्यात प्रत्येक यंत्राची कंपनी व मॉडेल, प्रोसेसर, रॅम किती, डिस्क आत आहे की काढलेली, लॅपटॉप असेल तर चार्जर सोबत आहे की नाही आणि यंत्र सेवेतून का काढले, एवढी माहिती हवी. कचेरीच्या यंत्रांना बहुधा सुरुवातीचाच पासवर्ड घातलेला असतो, काहींना दुरून कुलूप लावण्याची सोय असते. हे कुलूप दात्याच्या तंत्रज्ञाने काढून द्यायचे, नंतर आपल्याला ते सहसा काढता येत नाही. यंत्र संस्थेच्या मालकीचे झाले, असे अनुक्रमांकासह एक पत्र घ्यावे. दहा वर्षांहून जुनी यंत्रे आणि काचेच्या नळीचे जाडजूड मॉनिटर आपण आता घेत नाही. पहिल्यांदा "नाही" म्हणताना आमची जीभ अडखळली, कारण देणाऱ्याला नकार द्यायची आपल्याला सवय नाही. परंतु अनुभव असा की, यादी मागितल्यावर चांगला दाता रागावत नाही. उलट तो स्वतः तपासून चांगली यंत्रे वेगळी काढतो. यादी द्यायला जो कंटाळतो, त्याला बहुतेक वेळा खोली रिकामी करायची असते.

कचेऱ्या यंत्रे का काढतात हेही समजून घ्यावे. साधारण तीन ते पाच वर्षांनी मोठ्या कंपन्या संगणक बदलतात. ते मोडलेले असतात म्हणून नव्हे, हमीचा काळ संपतो म्हणून. सध्या त्यात आणखी एक कारण आले आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे २०१६-१७ सालची, अगदी ठणठणीत चालणारी यंत्रे केवळ या अटीत बसत नाहीत म्हणून बाजूला पडत आहेत. आपल्या कामाच्या दृष्टीने ही मोठी संधी आहे.

यंत्र आले की विजेला जोडायचे नाही. आधी ते उघड्या हवेत, गॅलरीत किंवा अंगणात न्यावे, तोंडाला रुमाल बांधावा आणि झाकण काढून ब्लोअरने धूळ उडवावी. धूळ उडवताना आतला पंखा बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवावा. तो भरधाव फिरू दिला तर त्याची बेअरिंग जाते. आमच्या मुलांनी गंमत म्हणून असे दोन पंखे घालवले. मग मदरबोर्डवरची छोटी नळकांड्यांसारखी कपॅसिटर पाहावीत. वरचा भाग फुगलेला असेल किंवा तपकिरी रस आला असेल, तर तो बोर्ड सुट्या भागांच्या खोक्यात. वीजपुरवठा करणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो मुलांनी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युत्भार काही काळ साठून राहतो. तो बिघडला असेल तर सबंधच बदलावा.

यंत्र सुरू होत नाही आणि नुसते बीप वाजते, तेव्हा निम्म्या वेळी दोष रॅमचा असतो. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळेतल्या साध्या खोडरबराने हलकेच पुसावी, कस झटकावा आणि पट्टी परत बसवावी. दहा रुपयांच्या खोडरबराने "मेलेले" यंत्र उठताना पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसरा नेहमीचा आजार म्हणजे आतल्या नाण्याएवढ्या सेलचा. सीआर २०३२ नावाचा हा तीन व्होल्टचा सेल यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की यंत्राची तारीख अनेक वर्षे मागे जाते, आणि मग इंटरनेट चालू असूनही संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्या तारखेशी जुळत नाहीत. आमच्याकडे एक यंत्र "नेट बिघडले" म्हणून महिनाभर बाजूला होते. दोष होता त्या सेलचा. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, ती पुसून नवी लावावी. नाही तर यंत्र तापून मध्येच बंद पडते आणि मुलाला वाटते आपणच काही चुकीचे दाबले. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. पहिल्यांदा संगणकापाशी बसणारी आपली मुले यंत्राच्या प्रत्येक दोषाचे खापर स्वतःच्या डोक्यावर घेतात. म्हणून नादुरुस्त यंत्र त्यांच्यापुढे ठेवण्यापेक्षा काहीच न ठेवलेले बरे.

यानंतरचे काम जुनी माहिती पुसण्याचे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु जबाबदारीचे आहे. फाइल डिलीट केली किंवा डिस्क फॉरमॅट केली म्हणजे माहिती गेली, असे पुष्कळ जण समजतात. ग्रंथालयाच्या कपाटातले सूचीपत्र काढून टाकले तरी पुस्तक फडताळावर असतेच, तसा हा प्रकार आहे. एका दानातल्या डिस्कवर आम्हांला कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या याद्या आणि पॅनकार्डांच्या प्रती दिसल्या. आम्ही त्या तिथेच बंद केल्या आणि दात्याला कळवले. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नवे आकडे लिहिले की जुने वाचता येत नाही. त्यासाठी एनवाइपसारखी मोफत साधने आहेत. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने पुसायला सुमारे दीड तास लागतो, तेव्हा रविवारी सकाळी आल्याबरोबर हे काम लावून द्यावे आणि मग चहा घ्यावा. एसएसडी प्रकारच्या डिस्कला ही पद्धत पुरेशी नाही, तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली पुसण्याची वेगळी आज्ञा वापरावी लागते. दात्याला "आपली माहिती अमुक तारखेला पुसली" असे पत्र पाठवावे. या एका पत्रामुळे पुढच्या वर्षी तोच दाता पुन्हा बोलावतो.

त्याच वेळी डिस्कची प्रकृतीही तपासून घ्यावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवते. स्मार्ट नावाची ही नोंद उघडली की किती जागा खराब होऊन बदलल्या गेल्या ते कळते. तो आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर मुलांचे काम ठेवू नये. वास्तविक जुन्या यंत्रात पैसे घालायचेच असतील तर पहिला रुपया एसएसडीवर आणि दुसरा रॅमवर घालावा. चार जीबीची रॅम आठ जीबी केली आणि फिरती डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी घातली की दोन-तीन मिनिटांनी सुरू होणारे यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होते. मुंबईत या वस्तू लॅमिंग्टन रोडला मिळतात, म्हणजेच आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. खरेदीला एका तरी विद्यार्थ्याला सोबत न्यावे. भाव करणे हेही शिक्षणच आहे.

आता सॉफ्टवेअरचा प्रश्न. बाजारात कोणीही दोनशे रुपयांत "विंडोज टाकून देतो" म्हणतो. ही प्रत चोरीची असते. आपण दर रविवारी पंचशील ग्रहण करतो आणि त्यातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. विहाराच्या खोलीत, बुद्धमूर्तीपासून वीस पावलांवर चोरीची प्रत चालवायची आणि मुलांना शील शिकवायचे, हे मला पटत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते वाईटच, कारण अशा प्रतींतून विषाणू येतात. कायदेशीर विंडोज यंत्रासोबत आले असेल आणि यंत्र विंडोज ११ च्या अटीत बसत असेल तर खुशाल ठेवावे. बाकीच्या यंत्रांवर आम्ही लिनक्स घालतो. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्याची प्रचलित रूपे. ती ज्यांनी बनवली त्यांनीच ती सर्वांना वापरायला, वाटायला आणि बदलायलाही मोकळी दिली आहेत. म्हणजे येथे घेणाऱ्याचा दोष राहत नाही.

"लिनक्सवर शिकून नोकरी कुठे मिळणार?" अशी शंका पालक काढतात. ती रास्त आहे. केरळ राज्याने २००१ साली आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी व अनुदानित शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तिथली मुले त्यावरच शिकली आणि नोकऱ्यांना लागली. फाइल जतन करणे, तक्ता मांडणे, कळफलकावर बोटे चालवणे ही कौशल्ये दोन्हीकडे सारखीच असतात. तरीही एमएस-सीआयटीची परीक्षा देणाऱ्यांसाठी आम्ही दोन यंत्रांवर विंडोज ठेवले आहे. तत्त्वासाठी मुलांच्या परीक्षेचे नुकसान करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

यंत्रावर काय भरून द्यायचे, यावर जितका विचार करावा तितका थोडा. वस्तीत इंटरनेट येते-जाते, म्हणून आम्ही शक्य तितके साहित्य आतच ठेवतो. लिहिण्यासाठी आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस, लहानांसाठी टक्स पेंट आणि जीकॉम्प्री, गणितासाठी जिओजेब्रा. किविक्स नावाच्या साधनाने मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतात, ती इयत्तेप्रमाणे फोल्डर करून ठेवली आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंडही पीडीएफमध्ये उपलब्ध आहेत. वसंत मून यांनी संपादनाचे केवढे कष्ट उपसले ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. घरात हे खंड ठेवायला जागा नाही अशा मुलांना ते आता एका टिचकीवर उघडतात. परवा अकरावीचा एक विद्यार्थी जातिनिर्मूलनावरचा निबंध लिहिताना खंड उघडून बसला होता. इंग्रजी अडले की शब्दकोश उघडायचा, पुन्हा मजकुराकडे यायचा.

मराठी टंकलेखनाचे मात्र पहिल्या दिवसापासून वळण लावावे. रोमन अक्षरांत "माझे"चे स्पेलिंग करून मराठी उमटवण्याची पद्धत सोपी वाटते, पण तिने मूल मराठी लिहितानाही इंग्रजीत विचार करू लागते. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला पंधरा दिवस पुरतात. त्यात डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजने असतात. क च्या कळीवर शिफ्ट दाबले की ख येतो, ग च्या कळीवर घ, ब च्या कळीवर भ. आपल्या बाराखडीचीच रचना ती, त्यामुळे चौथीतले मूलसुद्धा पटकन उचलते. आम्ही कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले होते, पण ते घामाने निघाले. आता भिंतीवर मोठा तक्ता लावला आहे. त्याने एक फायदा झाला, मुले बोटांकडे न पाहता समोर पाहू लागली.

खोलीची तयारी हा भाग आपण सर्वांत जास्त दुर्लक्षतो. मॉनिटरसह एका टेबलावरच्या संगणकाला साधारण शंभर ते दीडशे वॅट वीज लागते. दहा यंत्रे म्हणजे एक ते दीड किलोवॅट. विहाराच्या जुन्या वायरिंगवर, एका बोर्डातून तीन एक्स्टेंशन काढून हा भार टाकणे धोक्याचे आहे. परवानाधारक वायरमनकडून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि खरे अर्थिंग करून घ्यावे. अर्थिंग नसेल तर डब्याला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि एकदा झटका बसलेले मूल परत येत नाही. शक्य असेल तेथे लॅपटॉप घ्यावेत. त्यांना तीस ते पासष्ट वॅट पुरतात आणि वीज गेली तरी लिहिलेले जात नाही. फक्त फुगलेली बॅटरी दिसली तर ती ताबडतोब काढावी, टोचू नये, दाबू नये, उन्हात ठेवू नये.

किल्ली कोणाकडे राहणार हाही तांत्रिक प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पहिले सहा महिने किल्ली एका पदाधिकाऱ्याच्या खिशात होती आणि ते कामावरून रात्री आठला येत. तोवर मुलींना घरी परतायचे असे. हजेरीची वही पाहिली तेव्हा कळले की, त्या सहा महिन्यांत एकाही मुलीचे नाव नव्हते. आता दुपारी चार ते सहा ही वेळ मुलींसाठी आहे आणि किल्ली महिला मंडळाकडे असते. चादर वर करून पाहणारी ती मुलगी आता अकरावीत आहे. याच वेळेत ती पाचवीच्या मुलींना टंकलेखन शिकवते, आणि रॅम पुसायला खोडरबर लागतो हे तिला माझ्यापेक्षा आधी सुचते.

हे काम काही आपणच शोधून काढलेले नाही. कॅनडात १९९३ पासून सरकारच्या मदतीने कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स हा कार्यक्रम चालतो. तेथे कार्यालयांतून निघालेले संगणक दुरुस्त करून शाळांना व ग्रंथालयांना देतात आणि दुरुस्तीच्या कामावर तरुणांना उमेदवारी देतात. या दुसऱ्या गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. यंत्र तयार झाल्यावर ते पाच वर्षे चालेल, पण ज्याने ते उघडून जोडले त्याला एक धंदा आला. आपल्याकडे शिकलेल्या दोन मुलांना संगणक दुरुस्तीच्या दुकानांत काम मिळाले आहे. एकाने तर स्वतःचे टेबल टाकले आहे.

शेवटी, जे दुरुस्त होतच नाही त्याचे काय? चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला वाटले, हा श्रमण कापडाचे दुकान काढणार की काय! त्याने आनंदांना विचारले, एवढ्या चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना देऊ. मग त्या विरलेल्यांचे? त्यांची पांघरुणे करू. पुढे त्यांच्या गादीच्या खोळी, खोळी फाटल्या की जमिनीवरची बिछायत, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकीही संपली की ती कुटून मातीत कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले.

आमच्या खोलीतही साधारण असाच क्रम चालतो. बिघडलेल्या यंत्राची रॅम, पंखा, सेलची खोबण, स्क्रूसुद्धा निघून दुसऱ्यात जातात. चार यंत्रांतून दोन होतात. बंद पडलेला मदरबोर्ड मुलांना शिकवण्यासाठी फळ्यावर टांगतो. त्यानंतर जे उरते ते भंगारवाल्याला द्यायचे नाही, एवढा नियम आम्ही पाळतो. भंगारात गेलेल्या वायरी तांब्यासाठी उघड्यावर जाळतात, बोर्डावरचे धातू आम्लात काढतात. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये आणि जुन्या डागांमध्ये शिसे असते, जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यात पारा असतो. तो धूर कोणाच्या वस्तीत जातो आणि ते आम्ल कोणाच्या मुलांच्या हातावर पडते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार हा कचरा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडेच जायला हवा. यूपीएसमधल्या शिशाच्या बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत, त्या विक्रेत्याकडे परत कराव्यात. नोंदणीकृत केंद्र भंगारवाल्यापेक्षा कमी पैसे देते, कधी काहीच देत नाही. गेल्या वर्षी आपण तीन खोकी दिली. त्याची पावती कार्यालयात फाइलला लावलेली आहे, कोणाही सभासदाने पाहावी. चादरीखालच्या त्या अकरा डब्यांपैकी चार आज चालतात आणि बाकीचे या खोक्यांतून गेले.

दुरुस्तीचे काम दर रविवारी वंदनेनंतर दहा ते एक या वेळेत विहाराच्या मागच्या खोलीत चालते. सध्या सर्वांत मोठी अडचण लॅपटॉपच्या चार्जरची आहे. आलेल्या नऊपैकी पाचांना चार्जरच नाहीत. आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरी जुन्या लॅपटॉपचा चार्जर पडला असेल, तर येताना घेऊन यावा. त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे खोडलेले नसावेत. ज्यांना डाग देता येतो अशा दोन सभासदांचीही गरज आहे.